प्रकल्प नोंदी: ऱ्हाईनकाठच्या सफरीसाठी दोन सायकली, विमानाने आणि रेल्वेने

५ फेब्रुवारी: मार्ग आणि वाहतुकीचा कच्चा दुवा

सफर ऱ्हाईनच्या उगमाकडून मुखाकडे. ओबरआल्प खिंडीतून (सुमारे २०४५ मी) निघून नेदरलँड्समधल्या हूक फान होलंडपर्यंत, म्हणजे युरोव्हेलो १५ हा लांब पल्ल्याचा सायकलमार्ग. स्वित्झर्लंड, लिश्टेनश्टाइन, ऑस्ट्रिया, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स. विमानाने झुरिकला उतरायचं, ॲमस्टरडॅमहून परतायचं.

अशा सफरीत लोक आधी विमानाचं तिकीट काढतात आणि रेल्वेचं नंतर बघतात. क्रम उलटा हवा. विमानात सायकल जवळजवळ नेहमी जाते, फार तर पैसे जास्त पडतात. रेल्वेत मात्र सायकलीची जागा ठराविक गाडीत, ठराविक डब्यात, ठराविक वेळीच असते आणि संपली की संपली. म्हणून झुरिकची निवड रेल्वेमुळे: स्टेशन विमानतळाच्या खालीच आहे आणि डोंगराकडे जाणाऱ्या गाड्यांत उभी (सुटी न केलेली) सायकल चढते.

सायकली दोन. 'क': स्टीलची टुरिंग सायकल, रिमवर दाबणारे व्ही-ब्रेक, क्विक रिलीज (खटक्याने सुटणारी चाकं), मागे कॅरिअर, मडगार्ड, पुढच्या हबमध्ये डायनॅमो. 'ख': ॲल्युमिनियमची ग्रॅव्हल सायकल, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, थ्रू-ॲक्सल (चाकातून आरपार जाणारा आस; पुढे १२×१००, मागे १२×१४२ मिमी), ट्यूबलेस टायर.

९ फेब्रुवारी: खोका, बॅग की केस

कडक केस बाद. रिकामी केसच १० किलोच्या आसपास असते, आणि सफर एका शहरात सुरू होऊन दुसऱ्यात संपते, तेव्हा ती सांभाळणार कोण? एकाच गावी परतायचं असेल आणि तिथलं हॉटेल ती ठेवून घेणार असेल तरच केसला अर्थ आहे.

मऊ बॅगेचा खरा उपयोग रेल्वेत. सुटी करून बॅगेत घातलेली सायकल बहुतेक देशांत 'सायकल' न राहता 'सामान' होते. पण मापं प्रत्येकाची वेगळी. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीत बॅग १३०×९० सेमीच्या आत हवी. इटलीच्या वेगवान गाड्यांत ८०×११०×४५ सेमी. जपानच्या जेआर गाड्यांत सायकल पूर्ण झाकलेली, लांबी २ मीटरच्या आत, तिन्ही मापांची बेरीज २५० सेमीपर्यंत आणि वजन ३० किलोपर्यंत. सायकलीच्या दुकानातला पुठ्ठ्याचा खोका १३५ ते १४० सेमी लांब असतो, म्हणजे विमानात चालणारं पॅकिंग टीजीव्हीत बसत नाही. एकाच पॅकिंगमध्ये विमान आणि वेगवान रेल्वे दोन्ही उरकायची असतील तर पुढचं-मागचं दोन्ही चाकं काढून लहान बॅग करावी लागते, आणि मडगार्ड-कॅरिअरवाल्या सायकलीला ते जमवणं कटकटीचं.

ठरलं: विमानासाठी पुठ्ठ्याचा खोका, उतरल्यावर विमानतळावरच जोडणी, पुढे सगळीकडे उभी सायकल. वेगवान गाड्यांवर फुली.

१३ फेब्रुवारी: विमानाचं तिकीट

तिकिटाआधी कंपनीला लेखी विचारलेले प्रश्न:

- सायकल नेहमीच्या सामानात धरली जाते की वेगळं शुल्क आहे? खोक्याच्या मापांची बेरीज किती चालते? नेहमीच्या बॅगेला बेरजेची मर्यादा साधारण १५८ सेमी असते आणि सायकलीचा खोका ती हमखास ओलांडतो.
- वजन २३ किलो की ३२? ३२ किलोच्या वर एक नग बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, कारण तो माणसांनी उचलायचा असतो.
- दुसऱ्या टप्प्याचं विमान कोणतं? छोट्या प्रादेशिक विमानाच्या सामानकक्षाचं दार लहान असतं. मोठ्या विमानातून सुखरूप आलेला खोका तिथे मागे राहतो.
- एका विमानात सायकली किती? ही संख्या मर्यादित असते, म्हणून नोंद आधी करावी लागते.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घेतले. वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण मधल्या विमानतळावर खोके उचलून पुन्हा चेक-इन करावे लागतात, आणि त्यासाठी कधीकधी त्या देशाचा व्हिसाही लागतो. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी राहत नाही.

कंपनीच्या उत्तराची प्रत छापून ठेवली. काउंटरवरच्या माणसाने हा नियम वर्षातून दोनदाच वापरलेला असू शकतो. कागद दाखवला की वाद मिटतो.

२० फेब्रुवारी: परतीची वेळ

डच रेल्वेत (एनएस) सोमवार ते शुक्रवार सकाळी ६:३० ते ९ आणि दुपारी ४ ते संध्याकाळी ६:३० उभी सायकल चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ही बंदी नसते. परतीचा महिना जून, म्हणजे बंदी लागू. परतीचं विमान शनिवारी घेतलं आणि प्रश्नच संपवला.

जाताना उलटा धोका: उड्डाणाला उशीर. सायकलीचं आरक्षण त्याच गाडीपुरतं असतं, चुकलं की पुढच्या गाडीत जागा मिळेलच असं नाही. म्हणून उतरायच्या दिवशी आरक्षित गाडी घ्यायची नाही. रात्र विमानतळाजवळ, रेल्वे दुसऱ्या दिवशी.

१८ मार्च: खोके आले

नवी सायकल आली की दुकानदाराला खोका फेकायचाच असतो, त्यामुळे तो मिळतो. मात्र आठवडाभर आधी सांगून ठेवावं लागतं. खोक्यासोबत फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) टोकांमध्ये बसणारा प्लास्टिकचा तुकडा आणि ॲक्सलच्या टोप्याही मागून घेतल्या.

माप १३८×७८×२२ सेमी, बेरीज २३८. 'ख' सहज बसते. 'क' मागच्या कॅरिअरमुळे उंचीला अडते. कॅरिअरचे वरचे दोन बोल्ट काढून, खालचे सैल करून तो मागे झुकवला की बसते. मागच्या मडगार्डचा शेवटचा भाग वेगळा करावा लागतो, नाहीतर खोका आपटल्यावर त्याच्या सळ्या वाकतात आणि मग टायरला घासत राहतात.

खोक्याचा तळ दुहेरी केला. खोका फुटतो तो तळाच्या कोपऱ्यांतून. बाजूला हात घालायची भोकंही आतून पुठ्ठा लावून बंद केली, सुटे भाग तिथून गळतात.

१२ एप्रिल: पॅकिंगची चाचणी

क्रम असा पक्का केला:

१. सीटपोस्टवर उंचीची खूण इन्सुलेशन टेपने. हँडलबारच्या मध्यावर, स्टेमच्या (हँडलबार धरणाऱ्या भागाच्या) दोन्ही कडांना तशीच. मग मोबाइलवर सर्व बाजूंनी फोटो, विशेषतः केबल कुठून कुठे जातात त्याचे.

२. पेडल काढणं. ८ मिमी ॲलन की किंवा १५ मिमी पाना. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही बाजूंचं पेडल सुटतं, हे लक्षात ठेवलं की पुरे. हे काम सायकल चाकांवर उभी असतानाच करायचं, नंतर जोर लावायला आधार राहत नाही. पेडल बसवताना आट्यांना ग्रीस. आधीच्या सफरीत ग्रीस राहिलं असेल तर पेडल इतकं घट्ट बसतं की छोट्या ॲलन कीने हलत नाही. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी एकदा सोडवून पुन्हा लावावं.

३. मागचा डिरेलर. हा गिअर बदलताना चेन सरकवतो. ५ मिमीचा बोल्ट सोडून हँगरवरून (फ्रेमच्या ज्या टोकाला तो बसतो तिथून) काढायचा, केबल आणि चेन तशीच ठेवायची, बबल रॅपमध्ये गुंडाळून मागच्या त्रिकोणाच्या आत केबल टायने बांधायचा. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. खोका उजव्या कुशीवर पडला की पहिला मार डिरेलरवर आणि त्यातून हँगरवर जातो. हँगर दोन-तीन मिमी वाकला तरी गिअर उड्या मारतात, आणि मोठ्या चक्रीवर टाकताना डिरेलर स्पोकमध्ये अडकू शकतो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. 'ख'चा एक जास्तीचा घेतला. 'क'ची स्टीलची फ्रेम असल्याने हँगर तिचाच भाग आहे, तो जागेवर सरळ करता येतो.

४. पुढचं चाक काढून फोर्कच्या टोकांत १०० मिमीचा तुकडा. तो नसेल आणि खोक्यावर दुसरं सामान पडलं तर फोर्क आत दबतो. 'ख'च्या दोन्ही ब्रेकपैकी जिथलं चाक निघालं तिथे ब्रेकच्या पॅडच्या मध्ये फट राखणारी प्लास्टिकची पट्टी. पट्टी नसताना लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि चाक लावताना रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) आत शिरतच नाही. पुढचा रोटर काढून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला. सहा बोल्टवाला असेल तर टी-२५ पाना, सेंटरलॉक (मध्ये एकाच कड्याने बसणारा) असेल तर त्याचं वेगळं टूल. ते सोबत न्यायला जड वाटत असेल तर रोटर चाकावरच ठेवून त्यावर पुठ्ठ्याची चकती बांधावी आणि चाक रोटरची बाजू फ्रेमकडे करून लावावं.

५. 'क'चे व्ही-ब्रेक सोडले, डायनॅमोचा प्लग काढला. प्लग विसरून चाक ओढलं तर तार तुटते.

६. हँडलबार. स्टेम फोर्कवरून काढायचा नाही, फक्त समोरच्या पट्टीचे चार बोल्ट (४ मिमी) सोडून हँडलबार खाली टॉप ट्यूबजवळ (फ्रेमच्या वरच्या नळीजवळ) आणायचा. असं केल्याने हेडसेटचं (फोर्क फिरतो त्या बेअरिंगचं) समायोजन अबाधित राहतं. पट्टी आणि बोल्ट लगेच परत जागेवर.

७. चाक फ्रेमच्या डाव्या बाजूला, डावा क्रँक (पेडलचा दांडा) स्पोकमधून आरपार. हबचं टोक टॉप ट्यूब किंवा डाउन ट्यूबवर (फ्रेमच्या खालच्या नळीवर) टेकलं तर प्रवासभर तिथे ठोके बसून ट्यूबला पोचा पडतो. टोपी, वर फोम, वर पुठ्ठा. तीन ठिकाणी पट्ट्यांनी आवळून फ्रेम आणि चाक एकच गाठोडं झालं पाहिजे. उचलून हलवल्यावर खडखडाट नको.

८. बॉटम ब्रॅकेटखाली (क्रँक फिरतात त्या सांध्याखाली) फोमचा ठोकळा, म्हणजे सायकलीचं वजन चेनरिंगच्या दातांवर येत नाही.

९. ॲक्सल, बोल्ट, स्क्रू एका जाड पिशवीत, पिशवी फ्रेमला बांधलेली. खोक्यात सुटं काहीही नको.

हवेबद्दल. काउंटरवर हवा काढायला सांगतात, कारण दिलं जातं टायर फुटण्याचं. प्रत्यक्षात सामानकक्षातही केबिनसारखाच दाब राखलेला असतो, फार तर २४०० मीटर उंचीवर असतो तितका. म्हणजे बाहेरचा दाब साधारण पाव बारने घटतो. ४ बारच्या टायरला तो ४.२५ बार भासतो, त्याने काही फुटत नाही. तरी हुज्जत घालायची नाही. हवा अर्ध्याहून कमी करायची, पण पूर्ण काढायची नाही. थोडी हवा रिमचं रक्षण करते. ट्यूबलेसमध्ये सगळी हवा गेली तर टायरची कड रिमवरून सुटते, आतला सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) खोक्यात सांडतो आणि छोट्या पंपाने कड परत बसत नाही. 'ख'साठी जास्तीची ट्यूब त्यासाठीच.

१३ एप्रिल: वजन

'क': सायकल १४.२, खोका ३.१, वेष्टन ०.७, अवजारं-कुलूप १.८, एकूण १९.८ किलो. 'ख': ११.६ + ३.१ + ०.८ + तंबू २.४ + पंप-ट्यूब १.१, एकूण १९.० किलो. काटे एकमेकांशी जुळतीलच असं नाही, म्हणून २३ला टेकवायचं नाही, किलोभर मोकळा ठेवायचा.

काही कंपन्या खोक्यात सायकलीखेरीज दुसरं काही चालत नाही म्हणतात. या कंपनीच्या पत्रात तसं नाही. तरी कपडे पॅनिअरमध्येच (कॅरिअरला अडकवायच्या पिशव्यांत). सुरक्षा तपासणीत खोका उघडला आणि त्यात दहा पिशव्या निघाल्या तर परत भरणारा माणूस त्या कशाही कोंबतो. खोक्यात सगळ्यात वर पॅकिंग कसं आहे त्याचा छापील फोटो आणि टेपचं एक बंडल ठेवलं.

४ मे: काय न्यायचं नाही, काय कुठे ठेवायचं

लिथियम बॅटरीचा हिशोब वॅट-तासांत: व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॅट-तास. १०० पर्यंत हातातल्या सामानात चालते, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी, त्यावर प्रवासी विमानात बंदी. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या खोक्यात कधीच नाही. इलेक्ट्रॉनिक गिअरच्या काढता येणाऱ्या छोट्या बॅटऱ्या काढून हातातल्या बॅगेत. ई-सायकलीची बॅटरी साधारण ३०० वॅट-तासांपासून पुढे असते, म्हणून ई-सायकल विमानाने नेण्याचा प्रश्नच येत नाही. ती तिकडे भाड्याने घ्यावी.

सीओ-टूची काडतुसं नियमात बसू शकतात, पण कंपनीच्या मंजुरीने. ती नसेल तर काढून टाकली जातात. पंप घेतला. स्टोव्हचा गॅस नाही. वापरलेला स्टोव्ह धुऊन, वाळवून, इंधनाचा वास पूर्ण गेल्याशिवाय भरायचा नाही. पंक्चरचं सोल्यूशन ज्वलनशील, त्याऐवजी चिकट पॅच. चेनसाठी स्प्रे नाही, तेलाची छोटी बाटली.

खोका कापायचा ब्लेड चेक-इन होणाऱ्या पॅनिअरमध्ये. तो खोक्यातच राहिला तर उतरल्यावर खोका दातांनी उघडावा लागतो.

फ्रेम नंबरचा फोटो आणि खरेदीची पावती मोबाइलमध्ये आणि कागदावरही. परतताना कस्टमने 'ही तिकडून आणली का' विचारलं तर उत्तर तयार हवं.

६ जून: निघताना

खोके मोठ्या सामानाच्या वेगळ्या पट्ट्यावर जातात. तिथला एक्स-रे अनेकदा एकच असतो आणि त्यावर माणूस हजर नसतो. उड्डाणाच्या साडेतीन तास आधी पोचलं की धावपळ होत नाही. टॅगवर शेवटच्या विमानतळाचं सांकेतिक नाव (झेडआरएच) दोन्ही खोक्यांवर वाचून घ्यायचं. टॅग चिकटवल्यावर खोक्याचाही एक फोटो.

७ जून: झुरिक विमानतळावर जोडणी

खोके नेहमीच्या फिरत्या पट्ट्यावर येत नाहीत, मोठ्या सामानाच्या दारातून येतात. कस्टमबाहेर पडण्याआधी खोक्याच्या सगळ्या बाजू बघायच्या. फाटलेला असेल तर तिथेच उघडून आतलं तपासायचं.

जोडताना: आधी पुढचं चाक, मग हँडलबार (समोरच्या पट्टीचे चार बोल्ट तिरकस क्रमाने, ५ न्यूटन-मीटर), मग डिरेलर (८ ते १० न्यूटन-मीटर), शेवटी पेडल. डिरेलर बसवताना त्याचा छोटा कान हँगरच्या खाचेमागे टेकतो ना हे पाहायचं, नाहीतर सर्व गिअर बिघडलेले भासतात आणि माणूस केबल पिळत बसतो.

'ख'चा मागचा ब्रेक मऊ लागला. खोका आडवा-उलटा झाल्यावर लिव्हरच्या टाकीतला हवेचा बुडबुडा नळीत उतरतो. सायकल सरळ उभी करून लिव्हर वीस-तीस वेळा दाबला, मग रात्रभर पट्टीने दाबून बांधून ठेवला, सकाळी कडक. तेवढ्याने सुधारला नाही तर मात्र ब्लीड करावंच लागतं, म्हणजे नळीतली हवा काढावी लागते.

खोके घडी घालून विमानतळाच्या माहिती खिडकीवर विचारलं, त्यांनी पुठ्ठ्याची जागा दाखवली.

८ जून: वर चढणाऱ्या गाड्या

स्वित्झर्लंडमध्ये सायकलीला स्वतःचं तिकीट. इंटरसिटी गाड्यांत २१ मार्च ते ३१ ऑक्टोबर सायकलीच्या जागेचं आरक्षणही सक्तीचं. हे दोन वेगळे कागद आहेत. एक असला म्हणून दुसरा माफ होत नाही. झुरिकहून गॉटहार्डच्या जुन्या डोंगरी मार्गाने ग्योशेनेन, तिथे मीटरगेजची दाते-रुळाची गाडी आंडरमाटपर्यंत. ग्योशेनेन ते आंडरमाट रस्ता अरुंद घळीतून जातो, चढ तीव्र आणि रहदारी मोठी. तेवढ्यासाठी गाडीच बरी. आंडरमाटवरून खिंडीपर्यंत सुमारे ६०० मीटरची चढाई उरते. तीही गाडीने होते, पण सायकलींच्या जागा मोजक्या.

पॅनिअर फलाटावरच काढून ठेवायचे. अनेक डब्यांत सायकल पुढच्या चाकाने हुकला टांगतात आणि लादलेली सायकल उचलत नाही. रुंद टायर किंवा लांब मडगार्ड हुकात अडकतो. अशा वेळी मागच्या चाकाने टांगून पाहायची.

१६ जून: जर्मनीत मधली उडी

लुडविग्सहाफेनभोवती नदीकाठ कारखान्यांनी व्यापलेला, मार्ग वळसे घेत आत जातो. श्पायर ते वॉर्म्स गाडीने, लुडविग्सहाफेनला बदलून. या भागात कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतर स्थानिक गाड्यांत सायकलीला तिकीट लागत नाही. आरक्षणही नाही, म्हणजे जागेची हमीही नाही: प्रॅमला आणि व्हीलचेअरला आधी जागा द्यावी लागते.

आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना मात्र तिकीट अधिक आरक्षण. तिथे डबा नंबर बघून फलाटावरच्या डब्यांच्या क्रमाच्या पाटीखाली उभं राहायचं. क्रम ऐनवेळी उलटा होतो, मग गाडीची लांबी धावून पार करावी लागते.

दुरुस्तीसाठी रूळ बंद असतील तर बदली बस येते आणि ती सायकल सहसा घेत नाही. आदल्या संध्याकाळी वेळापत्रक पुन्हा पाहणं त्यासाठी. सुदैवाने मध्य ऱ्हाईनच्या दरीत दोन्ही काठांना रेल्वे आहे. एक बाजू बंद असली तर फेरीने पलीकडे जाता येतं.

गाडी बदलायला वीस मिनिटं धरायची. लहान स्टेशनांची लिफ्ट तिरकस उभ्या सायकलीलाही अपुरी पडते, मग जिना आणि दोन फेऱ्या.

२१ जून: परतीचे खोके

ॲमस्टरडॅम परिसरातल्या दुकानांना ईमेल: चाकाचा आकार, फ्रेमची लांबी, उचलायचा दिवस. ई-सायकलीचे खोके सहज मिळतात पण ते जास्त लांब आणि जड पुठ्ठ्याचे. कापून लहान करावे लागतात. घडी घातलेला खोका घेऊन गर्दीच्या गाडीत चढण्यापेक्षा विमानतळाजवळच्या मुक्कामी आदल्या रात्री पॅकिंग करून, मोठ्या टॅक्सीने जाणं सोपं.

काही कंपन्या जाड पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चालवतात. त्यात सायकल दिसते, म्हणून कोणी त्यावर बॅगा रचत नाही, हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण या कंपनीच्या पत्रात 'कडक वेष्टन' असं आहे, म्हणून खोकाच.

२६ जून: हूक फान होलंड ते विमानतळ

समुद्रापासून रॉटरडॅमपर्यंत मेट्रो, गर्दीची वेळ टाळून. पुढे एनएसची गाडी. सायकलीचं दिवसाचं वेगळं तिकीट. विमान शनिवारी असलं तरी पॅकिंग आदल्या रात्री करायचं, म्हणून गाडी शुक्रवारीच घ्यावी लागली आणि ९ नंतर निघून ४च्या आत मुक्कामी पोचणं भाग होतं. पॅकिंगचा क्रम तोच, फक्त आधी चेन आणि टायर पुसून घेतले. चिखल असेल तर काही देशांत शेती-तपासणी खोका अडवते.

२८ जून: उतरल्यावर

'क'च्या खोक्याचा एक कोपरा दबलेला. कॅरिअरची एक सळी वाकली, फ्रेम ठीक. विमानतळ सोडण्याआधीच सामान-खिडकीवर लेखी अहवाल घेतला, निघतानाचे फोटो जोडले. माँट्रिअल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळालेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक). सायकल त्याहून महाग असेल तर चेक-इनलाच जादा मूल्य जाहीर करावं किंवा वेगळा विमा घ्यावा. सळीच्या दुरुस्तीचं बिल तक्रारीसोबत पाठवायचं बाकी.